नसलेल्या तारखेचा दिनविशेष

१

रोज सकाळी बातम्यांच्या आधी रेडिओवर 'आजचा दिनविशेष' सांगणाऱ्या बाईंचा आवाज ओळखत नाही असा माणूस शहरात सापडला नसता, आणि त्यांना रस्त्यात पाहून ओळखेल असाही सापडला नसता. आवाजावर पोट असणाऱ्यांचं हे असंच असतं. त्यांनी भाजीचा दर विचारला की भाजीवाला मान वर करायचा, "आवाज कुठंतरी ऐकलाय," म्हणायचा आणि पुन्हा वजन करायला लागायचा. केंद्रावर त्यांना सगळे ताई म्हणत. आपणही ताईच म्हणू.

दिनविशेषाची घडी ठरलेली होती. आधी घटना, मग जन्म, शेवटी निधन. या तारखेला कुठल्या साली कुठला तह झाला, कुठला पूल खुला झाला, कुठलं जहाज बुडालं. मग या तारखेला जन्मलेली नामवंत माणसं आणि शेवटी या तारखेला गेलेली. एकमेकांची ओळखदेख नसलेली शतकं एका पानावर मांडीला मांडी लावून बसायची. वाचताना पूल खुला झाल्याचा आनंद नको आणि जहाज बुडाल्याचं दुःख नको, हे ताईंना नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे घरी भांडतानासुद्धा त्यांचा आवाज चढत नसे.

गंमत अशी की रेडिओवरचा 'आज' हा शब्द त्या कधीच त्या दिवशी म्हणत नसत. आठवड्याचे सगळे भाग एका दुपारी रेकॉर्ड होत. न उजाडलेल्या सात दिवसांना त्या एका बैठकीत 'आज' म्हणून मोकळ्या होत. मग सकाळी प्रसारणाच्या वेळी ताई आपल्या स्वयंपाकघरात चहा गाळत असत आणि टेबलावरचा रेडिओ त्यांच्याच आवाजात त्यांना तारीख सांगत असे.

टेबलापलीकडे मास्तर बसत. हे त्यांचे यजमान, गणिताचे निवृत्त शिक्षक. शाळा सुटली तरी वह्या तपासायची खोड सुटली नव्हती, आणि आता तपासायला बायकोचा आवाज तेवढा उरला होता.

"आज 'तसेच' तीनदा आलं," मास्तर म्हणायचे.

"येऊ दे."

"आणि एवढ्याशा वेळात तू माणसं जन्माला घालतेस आणि लगेच मारतेसही. थोडी तरी सवड दे त्यांना."

गेल्या वर्षी याच टेबलाशी मास्तर अर्धांगाच्या झटक्यानं कोसळले होते. ते वर्ष लीप होतं आणि तारीख एकोणतीस फेब्रुवारी. हॉस्पिटलात त्यांचं हृदय थोडा वेळ बंदच पडलं होतं, डॉक्टरांनी ते कसंबसं पुन्हा चालू केलं. डावा हात लुळा झाला तो झालाच. बाकी माणूस होता तसा परत आला, जीभ तर आधीपेक्षा तिखट होऊन आली. घरी सोडताना डॉक्टरांनी ताईंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, दुसरा झटका यांना सोसणार नाही, जपा.

तेव्हापासून ताई जपत होत्या. मूलबाळ नव्हतं, नातलग लांब होते. मास्तर सकाळी उठून टेबलाशी येतात, चूक काढतात आणि चहा मागतात, एवढ्यावर त्यांचं जग उभं होतं. त्यांना दुसरं काहीही नको होतं. मास्तर मात्र या सगळ्याची थट्टा करायचे. "माझा दिवस चार वर्षांतून एकदा उगवतो," ते म्हणायचे. "तोवर मला कुणी हात लावत नाही."

२

स्टुडिओ ही एक चमत्कारिक खोली असते. जाड दार लोटलं की बाहेरचं जग कापून टाकल्यासारखं बंद होतं. भिंतींना बारीक भोकांच्या फळ्या, खाली जाड गालिचा, टेबलावर हिरवं कापड. पान उलटताना कागद वाजू नये म्हणून ते कापड. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसायचा. ताईंची खुर्ची जराशी कुरकुरली तरी त्याला ऐकू जायचं, म्हणून केंद्रावर त्याचं नाव कानसेन पडलं होतं.

दिनविशेषाची पानं तारखेवार लावून कपाटात ठेवलेली असत. दरवर्षी तीच पानं, थोडी भर, थोडी काटछाट. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यासाठी ताईंनी गठ्ठ्यातून ओळीनं सात काढली आणि वाचायला बसल्या. इतक्या वर्षांच्या सरावानं हात, डोळे आणि जीभ आपापली कामं करत होते. डोक्यात मास्तरांच्या गोळ्यांचा हिशेब चालू होता.

"आज एकोणतीस फेब्रुवारी," ताई म्हणाल्या आणि पुढे वाचत गेल्या. घटना झाल्या. जन्म झाले. निधन वाचायला त्यांनी पान उलटलं, तेवढ्यात कानावरच्या हेडफोनमध्ये कानसेन बोलला.

"ताई, थांबा जरा."

"चुकलं का काही?"

"चुकलं नाही, झकास चाललंय. पण हा भाग मी लावू कुठल्या दिवशी?"

ताईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग काचेच्या दोन्ही बाजूंना दोघंही हसले. कानसेन तर डोळे पुसेपर्यंत हसला. ताई हसल्या खऱ्या, पण हसता हसता त्यांना गेल्या वर्षीची ती तारीख आठवली.

"पुसून टाकतो," कानसेन म्हणाला.

"निधन तेवढं वाचून पूर्ण करू का? अर्ध्यावर सोडायला बरं वाटत नाही."

"अहो ताई, जो दिवसच नाही त्याचं काय अर्धं आणि काय पूर्ण."

त्याच्या समोरच्या पडद्यावर ताईंचा आवाज हिरव्या रेघेसारखा उमटलेला होता. ताईंच्या देखत ती रेघ नाहीशी झाली. पुढचं पान घेऊन त्यांनी एक मार्च वाचायला सुरुवात केली.

ही चूक घरी सांगितली असती तर मास्तरांची आठवडाभर करमणूक झाली असती. ताईंनी सांगितली नाही. ती तारीख घरात काढायचीच नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि ठरवलं की त्या पाळत.

३

एक मार्चच्या सकाळी खिडकीतून चांगलं ऊन आत आलं होतं. मास्तरांनी उजव्या हातानं टोस्टला लोणी लावायचा खटाटोप चालवला होता, आणि मदत केलेली त्यांना खपत नसल्यामुळे ताई मुद्दाम पाठ करून उभ्या होत्या. रेडिओवर नेहमीची धून वाजली.

"नमस्कार," ताईंचा आवाज म्हणाला. "आज एकोणतीस फेब्रुवारी."

मास्तरांनी सुरी खाली ठेवली. त्यांचा चेहरा खुलला. "आज चूक शोधायचे कष्टच नाहीत," ते म्हणाले. "थेट तारीखच खाल्लीस."

ताईंना आधी राग आला, तो कानसेनचा. पुसतो म्हणून सांगून लावून बसला. आता केंद्रावर फोनांचा पाऊस पडेल, साहेब बोलावतील. रेडिओ चालूच होता. एक तह झाला. एक पूल वाहतुकीला खुला झाला. एका खाणीत पाणी शिरलं. हे सगळं त्यांनी वाचलेलं होतं.

"गेल्या वर्षी आजच्या दिवशी," आवाज पुढे म्हणाला, "सकाळी, एका निवृत्त शिक्षकांच्या हातून चहाचा कप सुटला. कप निळ्या काठाचा होता."

पूल खुला झाला तो ज्या सुरात सांगितला, त्याच सुरात. मग कागद उलटल्यासारखा बारीक आवाज झाला, धून वाजली आणि बातम्या सुरू झाल्या. बातम्या देणाऱ्यानं तारीख एक मार्च अशीच सांगितली.

मास्तर आपल्या डाव्या हाताकडे बघत होते. तो नेहमीसारखा टेबलाच्या कडेला ठेवलेला होता, कुणी तिथं विसरून गेल्यासारखा.

"हे तू लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"मी कशाला लिहू असलं?"

"मग कुणी लिहिलं?"

ताईंनी केंद्रावर फोन लावला. कानसेनला त्या नक्की काय विचारतायत तेच कळेना. "एक मार्चचाच भाग गेला, ताई," तो म्हणाला. "मी इथंच आहे, कान लावून. सुरेख गेला. का, काय झालं?" ताईंनी काही नाही म्हणून फोन ठेवला. जिन्यात शेजारीण भेटली, तीही आपणहून म्हणाली, आजचं ते वेधशाळेचं छान सांगितलंत हो. वेधशाळा एक मार्चच्या पानावर होती.

भांडी विसळताना ताई मनाशी धागे जुळवत राहिल्या. थकवा असेल. मनात घोळत होतं तेच कानांनी ऐकलं असेल. पण कपाचे तुकडे त्यांनी त्या दिवशी स्वतः गोळा केले होते. काठ निळा होता हे त्यांच्याखेरीज फक्त मास्तरांना ठाऊक होतं, आणि मास्तरांनीही तेच ऐकलं होतं.

"दोघांना एकाच वेळी एकच भास," मास्तर टेबलावरून म्हणाले. ते या वेळी चेष्टा करत नव्हते. "गणितात बसत नाही."

४

दुसऱ्या दिवशी रेडिओ लावायचाच नाही असं ताई मनाशी म्हणत उठल्या. येऊन बघतात तर मास्तर आधीच टेबलाशी बसलेले आणि रेडिओ चालू. "खात्री करून घेऊ," ते म्हणाले. "एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही."

धून वाजली. तारीख तीच आली. या वेळी घटना आल्याच नाहीत, आवाजानं एकदम जन्म काढले. एक दर्यावर्दी, एक संगीतकार. मग:

"गेल्या वर्षी आजच्या दिवशी, हॉस्पिटलात, खिडकीजवळच्या खाटेवर, एका निवृत्त शिक्षकांचा."

बस, एवढंच. पुन्हा तो कागदाचा आवाज. इतकी वर्षं हिरव्या कापडावर पानं उलटली, ताईंच्या रेकॉर्डिंगमध्ये कागद कधी वाजला नव्हता. कानसेननं तो वाजू दिला नसता.

"म्हणजे मी आता वर्षाचा झालो," मास्तर म्हणाले. थट्टा नीट जमली नाही. मग ते फळ्यावर गणित मांडावं तसं स्वतःशीच म्हणाले, "घटना झाली. जन्म झाला." तिसरं त्यांनी म्हटलं नाही.

ताईंनी रेडिओ बंद केला तो इतक्या जोरात की बटण हातात आलं. मग त्यांनी तो टॉवेलात गुंडाळला आणि आतल्या खोलीत, कपाटाच्या तळाशी, जुन्या चादरींखाली ठेवला.

"माझ्याकडे सकाळी आहे काय दुसरं?" मास्तर तिथूनच म्हणाले. "एक तुझा आवाज. तोही कोंडून ठेव."

"मी आहे ना इथं. माझ्याशी बोला."

"तुझ्यात कुठं चुका सापडतात."

त्यांना बरं वाटावं म्हणून ताई हसल्या. पण दिवसभर हात कामात आणि मन त्या पानात अडकून राहिलं. दिनविशेषाचा एक नियम असतो, नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात सांगतात. घटनेत नाव नसलं तरी भागतं. पूल कुणी बांधला, खाणीत कोण होतं, सांगितलं नाही तरी वाक्य पुरं होतं. जन्मातही वेळप्रसंगी चालून जातं. निधनात मात्र नाव लागतंच. नावाशिवाय निधन वाचता येत नाही. घरात येणाऱ्या त्या आवाजानं आतापर्यंत मास्तरांचं नाव घेतलं नव्हतं, त्याची गरजच पडली नव्हती.

तिसऱ्या सकाळी दिनविशेषाच्या वेळेला ताईंनी सिंकचा नळ पूर्ण सोडला आणि पातेली घासायला घेतली. धुतलेली पातेलीही पुन्हा घासली. घर पाण्याच्या आणि भांड्यांच्या आवाजानं भरून गेलं. असं करताना आपल्याला कुणी पाहिलं तर काय म्हणेल, असं त्यांना एकदा वाटून गेलं. मग वेळ टळली. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले, जरा जिवात जीव आला.

मास्तर मान तिरकी करून आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होते.

"रेडिओ लावलायस का कुठं?"

"नाही हो. कपाटात आहे."

"मग आत्ता 'निधन' कोण म्हणालं?"

ताईंच्या हातातला पंचा तसाच राहिला. "पुढं?" त्यांनी विचारलं. "पुढं काय म्हणाली ती?"

"ती कोण? तूच होतीस. पुढं काही नाही. थांबलीस." मास्तरांनी टोस्ट बाजूला सारला. त्याला त्यांनी हातही लावला नव्हता. चेहरा उतरला होता आणि कपाळावर घाम होता, एवढं ऊन नसताना. "तुला एक सांगू?" ते म्हणाले. "मला भीती वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगतो. वाटते."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य ताईंनी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी मास्तरांचा घाम पुसला, शेजारणीला येऊन बसायला सांगितलं आणि त्या पर्स घेऊन बाहेर पडल्या.

५

कानसेनला त्यांनी सगळं सांगितलं नाही, सांगण्यासारखं थोडंच होतं. एवढंच म्हणाल्या की परवाचा तो अर्धा भाग डोक्यातून जात नाही, घरीही ऐकू येतो. कानसेन भला माणूस. त्यानं हसण्यावारी नेलं नाही.

"माझंही होतं असं," तो म्हणाला. "एखादं गाणं मध्येच तुटलं की रात्रभर कानात तिथंच घुटमळतं. पूर्ण ऐकलं की जातं. तुम्ही निधन वाचून टाका, समारोप करा. मी रेकॉर्ड करतो, मग दोघं मिळून पुसू. विषय संपला."

ताईंच्या मनातही तेच होतं. पानावर निधनाच्या खाली मोजकी नावं होती, सगळी जुनी, ज्यांच्यासाठी रडणारं आता कुणी उरलं नाही अशी. तेवढीच वाचायची, 'उद्या पुन्हा भेटू' म्हणायचं, आणि दार लावून घ्यायचं. जो भाग रीतसर संपला त्यात आणखी एक नाव घुसवणार कोण?

जाड दार लोटलं गेलं. हेडफोनमध्ये ती ओळखीची पोकळ शांतता भरली. काचेपलीकडून कानसेननं बोट वर केलं.

"निधन," ताईंनी सुरुवात केली. आवाज अगदी हवा तसा लागला होता. एक खगोलशास्त्रज्ञ. एक गायिका. एक सेनापती, जो लढाईत मरायचा सोडून साध्या तापानं गेला. शेवटी एक मुद्रक. मुद्रकाचं नाव आणि साल वाचून झालं. खाली पान कोरं होतं. आता फक्त समारोप.

तेवढ्यात हेडफोनमध्ये त्यांच्याच आवाजानं श्वास घेतला.

ताईंनी घेतला नव्हता. नव्या नावाआधी त्या जसा आणि जेवढा घेत, तसा आणि तेवढाच तो श्वास होता. "निवृत्त शिक्षक," आवाज म्हणाला, आणि ताईंना कळलं की आपले ओठही हलतायत. तो आवाज पाऊलभर पुढे होता आणि त्यांचं तोंड त्याच्या मागून निघालं होतं. 'शिक्षक' त्या स्वतः म्हणून बसल्या. पुढच्या शब्दासाठी जीभ वरच्या दातांमागे जाऊन टेकली. मास्तरांचं नाव तिथूनच सुरू होतं.

ताईंनी दातावर दात दाबून धरले. जीभ चावली गेली, रक्ताची चव आली. हेडफोनमधला आवाजही थांबला. पण तो गेला नव्हता. माणूस दाराबाहेर उभा असला की आतून कळतं, तसं त्यांना कळत होतं.

"ताई, समारोप," कानसेन म्हणाला.

त्यांनी नकाराची मान हलवली.

"पाणी देऊ का?"

द्या, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडायला घेतलं. जीभ पुन्हा दातांमागची जागा धरून बसली, आणि येणार होता तो शब्द 'द्या' नव्हता, हे त्यांना स्पष्ट कळलं. त्यांनी नुसतं 'हं' करून पाहायचं ठरवलं, तर घशातून नावच वर यायला लागलं. ताईंनी तोंडावर हात दाबला. बाहेर पडायला आता एकच वाट होती आणि त्या वाटेवर एकच शब्द उभा होता. तो म्हटला की पान पूर्ण होणार होतं.

काचेपलीकडे कानसेन त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याचं लक्ष समोरच्या पडद्यावर होतं. तिथं हिरवी रेघ हलत होती, लहान लहान, एकसारखी, कुणी माइकच्या अगदी जवळ तोंड धरून वाट पाहत उभं राहावं तशी. त्यानं मान वर करून ताईंच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मग कानावरचे हेडफोन त्यानं दोन्ही हातांनी काढले आणि गरम भांडं ठेवावं तसे हलकेच खाली ठेवले.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही घरी जा." पुसून टाकतो, असं तो या वेळी म्हणाला नाही.

६

बसमध्ये कंडक्टरला त्यांनी बोटानं थांबा दाखवला. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की पर्स उघडून आत काहीतरी शोधल्यासारखं केलं. शेजारणीला हातानंच 'जा, बरं झालं बसलात' असं सांगितलं, आणि ती बिचारी घसा बसला असेल म्हणून हळदीच्या पाण्याचा सल्ला देऊन गेली.

घसा बसलाय, हेच ताईंनी एका कागदावर लिहून मास्तरांपुढे ठेवलं. न बोलता जगता येतं, त्या वाटेनं येताना मनाशी म्हणत होत्या. नोकरी सोडू. बायका मौन धरतात, महिने महिने धरतात. मास्तर टेबलाशी बसतील, चहा मागतील, आपण देऊ. चुका काढायला आवाज राहणार नाही, पण मास्तर राहतील. सौदा त्यांना मुळीच महाग वाटला नाही.

मास्तरांनी कागद वाचला. उलटा करून मागची बाजूही पाहिली.

"घसा बसलेला माणूस घोगरं तरी बोलतो," ते म्हणाले. "काहीतरी बोल बरं."

ताईंनी गळ्याला हात लावून नाही म्हटलं.

"सकाळी तर ठणठणीत होतीस." मास्तरांचा सूर बदलला. ते खुर्चीतून उठले, टेबलाचा आधार घेत त्यांच्यासमोर आले आणि उजव्या हातानं त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. असं आपल्याकडे कुणी पाहिलं होतं ते मास्तरांना आठवत असावं. हॉस्पिटलात पहिल्या दिवशी डॉक्टर मास्तरांकडे असंच बघत होते.

"हस," मास्तर म्हणाले.

ताईंना कळलं की त्यांना कसला संशय आलाय. त्या हसल्या.

"नीट. दोन्ही बाजूंनी." त्यांनी निरखून पाहिलं. "ठीक आहे. आता दोन्ही हात वर कर. धरून ठेव. खाली येऊ देऊ नकोस."

ताईंनी हात वर केले. दोन्ही हात सारखे, स्थिर. मास्तरांच्या तोंडून सुस्कारा निघाला, पण तो पुरता बाहेर आला नाही, मध्येच अडकला. त्यांचा श्वास वर लागला होता. ताईंनी हात खाली घेऊन त्यांना धरलं, खुर्चीकडे न्यायला लागल्या. मास्तर हलेनात.

"नाही, एक राहिलंय," ते म्हणाले. "जीभ राहिलीय. सगळ्यात आधी जीभ जाते, मला ठाऊक आहे. तिथं पडल्या पडल्या मी सगळं ऐकत होतो आणि बोलता येत नव्हतं. तशीच झाली नाहीस ना तू?" त्यांचे डोळे भरून आले होते. "अगं, तू अशी झालीस तर मी काय करू? मी कुणासाठी राहू?"

ताईंनी मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. कागदाकडे हात नेला, तो मास्तरांनी मध्येच धरला. लिहिणं नको म्हणाले, लिहिणं तेव्हा मलाही जमत होतं. त्यांच्या हाताला घाम होता आणि मनगटातली नाडी वेडीवाकडी उडत होती. डॉक्टरांनी जपा म्हणून सांगितलेलं ते हेच. अशा वेळी त्यांना शांत करायला ताईंकडे आजवर एकच औषध होतं, ते म्हणजे त्यांचा आवाज. आणि त्यांच्या मिटलेल्या दातांमागे जीभ आपल्या जागी जाऊन टेकलेली होती.

"जास्त नको," मास्तर म्हणाले. ओठ निळसर पडले होते, तरी ते ताईंना धीर द्यायला हसत होते. "जीभ परत आली तेव्हा मला डॉक्टरांनी तुझं नाव विचारलं होतं. मी ते घेतलं तेव्हा तू रडायची थांबलीस, आठवतं? आता तू माझं घे. जन्मात कधी घेतलं नाहीस. एकदा घेतलंस की माझ्या जिवाला घोर नाही."

ताईंनी दोन्ही हातांनी त्यांचा हात छातीशी धरला.

"घे ना," मास्तर म्हणाले. "नुसतं नाव."